मशीन बघायला गेले तेव्हा

बुधवार, २ एप्रिल

ही वही कुणाला दाखवायला लिहीत नाही. माणसांशी बोलायला जावं तर ती उलट बोलतात, नाहीतर सल्ला देतात. वही गप्प बसते. रेघा मात्र इतक्या फिकट छापल्यात की छापणाऱ्याने शाईतसुद्धा चोरी केली असावी. मी आपली अंदाजाने लिहितेय.

आज शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. त्यांच्या गणवेशांवर आमचं वर्ष निघतं. बाकी मग पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. बाई म्हणाल्या, "यंदा खिशावर शाळेचं चिन्ह हवं. भरतकामात. चिकटवलेलं चालणार नाही. गेल्या वर्षीची दोन धुण्यांत सुटली आणि पालक माझ्या डोक्यावर बसले."

चिन्ह म्हणजे उघडं पुस्तक आणि त्यातून उडणारा पक्षी. पक्षी कसला, पंख फुटलेला बटाटा. पण गणवेश त्यांचा, बटाटाही त्यांचाच.

"हाताने भरायचं म्हटलं तर पोरं शाळेतून पास होऊन जातील," धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. हे गेल्यापासून दुकानात आम्ही दोघीच असतो. मी कापते आणि शिवते, ती काजबटणं करते.

"ते तुमचं तुम्ही बघा. नाही जमलं तर चौकातला दुकानदार तयार आहे, त्याच्याकडे कॉम्प्युटरचं मशीन आहे." हे बाईंनी जाता जाता दारातून सांगितलं. अशी माणसं विष नेहमी दारातूनच टाकतात.

तर कॉम्प्युटरचं मशीन घ्यायचं. नवं परवडत नाही, म्हणजे वापरलेलं. मी दुसऱ्याच्या घरी हात पुसायला त्यांचा टॉवेल घेत नाही, आणि आता कुणाचं तरी उष्टं मशीन घरात आणायचं. नुसत्या विचाराने अंगावर काटा आला.

जुनं मशीनही हल्ली फार सतावतं. टाके सोडतं. सुयांची भोकंसुद्धा लहान यायला लागलीत. धाकटी म्हणाली, "ताई, मशीनचं बघूच, पण त्याआधी एकदा..." आणि थांबली.

"एकदा काय?"

"काही नाही. दिवा मोठा लावू या म्हणत होते."

दिवा परवाच नवा लावलाय. तोही भिकार. भोवती नुसती धुकट वर्तुळं.

शनिवार, ५ एप्रिल

पहिलं मशीन पाहिलं. बाजारामागे एक मिस्त्री आहे, जुनी मशिनं घेतो, ठाकठीक करतो आणि विकतो. ठाकठीक म्हणजे वरून रंग. दुकानात पाय ठेवला तर चप्पल जमिनीला चिकटली. सोडवताना जो आवाज झाला तो अजून कानात आहे.

"जवळजवळ नवंच, मावशी. एका बाईंनी हौसेने घेतलं, दोनदा वापरलं आणि ठेवून दिलं."

मी म्हटलं, उघडून दाखव. त्याने सुईखालची पट्टी काढली. आत तेलात भिजलेल्या तंतूंचा करडा बोळा बसला होता, उंदराच्या मेलेल्या पिल्लासारखा. दोनदा वापरलं म्हणे! त्याने तो बोटाने उपसला, बोट पँटला पुसलं आणि आत फुंकर मारली. तोंडाने. ओली. मग त्याच बोटाने चहावरची साय काढली आणि तो कप मला पुढे केला.

स्क्रीनवर तर काही धड दिसतच नव्हतं, नुसता राखाडी चिखल. "स्क्रीन मेलीय तुझी," मी म्हटलं. मिस्त्री माझ्याकडे बघायच्या ऐवजी धाकटीकडे बघायला लागला. धाकटी हळूच म्हणाली, "दिसतंय, ताई. आकडे दिसतायत."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "तू माझ्या बाजूची आहेस की त्याच्या?" तिने पायरी उतरताना माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. मी काय म्हातारी झालेय?

रविवार, ६ एप्रिल

आज एक गोष्ट सापडली आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

दुकान बंद होतं. मी द्यायच्या कपड्यांवरून नुसता हात फिरवत होते. टीप बोटाला कळते मला, बघावी लागत नाही. शुक्रवारी मी घातलेली पँटची टीप माझी नाहीच! माझा टाका जरा लांब असतो. हा बारीक, एकाला एक लागून. धाकटीचा. पडदे पाहिले, तेच. शेजारणीच्या फ्रॉकची बाही, तेच. म्हणजे माझी टीप उसवून स्वतःची घालते ही. माझ्यामागे. चोरून.

लोक पैसे चोरतात, दागिने चोरतात. ही माझं काम चोरते. उद्या गिऱ्हाईकांना सांगेल, ताईंना आता जमत नाही, सगळं मीच करते. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. शी!

बघू तर खरं किती पुढे जाते.

बुधवार, ९ एप्रिल

दुसरं मशीन. एका तरुण बाईच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. जिन्यातच मांजराच्या मुताचा वास आला. मी धाकटीला म्हटलं, हे त्याच घरातून येत असणार. तसंच निघालं.

बाईला मशीन शिकायचं होतं, मग तिला चित्रं काढायची होती, आता तिला म्हणे मातीची भांडी करायची आहेत. मशीन खिडकीशी होतं आणि त्यावर एक मांजर अंग पसरून पडलं होतं. पोट हे एवढं.

"तिचीच जागा झालीय ती," बाई कौतुकाने म्हणाली. मांजर उचललं तर खाली केसांचं आसन. केस स्क्रीनवर, केस दोऱ्याच्या दांडीवर, बाईच्या अंगावर केस. एक माझ्या ओठाला लागला. मी रुमालाने तोंड पुसत राहिले, तरी जाईना.

धाकटीला मात्र काहीच वाटलं नाही. बसली की खाली, फ्रेममध्ये कापड ताणलं, कुठलीशी बटणं दाबली, आणि मशीन आपोआप चालायला लागलं. एक फूल भरलं त्याने. देठ, पानं, सगळं. धाकटी हसत होती. तिला दुकानात हसताना मी फारसं बघितलेलं नाही.

"ताई, हे घेऊ या. आवाज बघा किती गोड आहे. आणि ठेवलंय पण छान, पांढरंशुभ्र."

पांढरंशुभ्र! जुन्या दातांसारखं पिवळं झालं होतं ते. तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखं. हिला पांढरं आणि पिवळं यातला फरक कळत नाही, आणि ही माझ्या टिपा उसवते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मी त्या बाईला स्पष्ट सांगितलं, "आम्हाला मशीन हवंय, मांजराचं अंथरूण नको." तिचा चेहरा पडला. पडू दे.

परतताना रस्त्यात आमचं वाजलं. धाकटी म्हणत होती, केस काय, झटकले की जातात. मी म्हणत होते, मनातून जात नाहीत. बोलता बोलता मी पुढे पाऊल टाकलं आणि एक सायकलवाला माझ्या अंगावरून गेला म्हणायचा. धाकटीने मागे ओढलं म्हणून वाचले. हल्ली गाड्यांना दिवे कसले लावतात, समोर नुसता फुटलेला सूर्य. सायकल दिसणार कशी?

शनिवार, १२ एप्रिल

आजचा दिवस लिहायची लाज वाटते, पण लाज मला नाही, तिला वाटायला हवी.

गाण्याच्या बाईंनी आपला झगा परत आणला. पांढरा, पायघोळ, उद्या त्यांचा कार्यक्रम. बाई स्वभावाने गरीब. टेबलावर झगा पसरला आणि म्हणाल्या, "काकू, शिवलाय सुंदर. फक्त दोरा... दिव्यात फार दिसेल हो."

खालची पूर्ण किनार पिवळ्या दोऱ्याने शिवलेली होती म्हणे. मी वाकून बघणार तोच धाकटी मध्ये आली. "माझीच चूक, बाई. ताईंनी मला पांढरं रीळ दिलं होतं, मीच घाईत दुसरं लावलं. संध्याकाळपर्यंत करून देते."

मग मी तिला सोडलं नाही. गिऱ्हाईकासमोर बोलू नये हे कळतं मला, पण आठवडाभराचं साचलं होतं. म्हटलं, "इतकी वर्षं दुकानात बसतेस आणि पांढरा दोरा ओळखता येत नाही? डोळे आहेत की बटणं?" गाण्याच्या बाई खाली बघायला लागल्या. धाकटी झगा घेऊन आत गेली. दुपारभर उसवत बसली. जेवली नाही. मीही म्हटलं नाही जेव म्हणून.

उगीच वाईटपणा नको म्हणून संध्याकाळी मी तिच्या टेबलावर चहा नेऊन ठेवला. तिने घेतला नाही. त्यावर साय धरली आणि मग माशी पडली. मीच उचलून ओतला.

सोमवार, १४ एप्रिल

भाऊजी खाली आले. म्हणजे धाकटीचा नवरा, माझा दीर. दाराशी उभे राहून पायाने पायपुसणं सरळ करत होते. म्हणाले, "वहिनी, तिच्याशी जरा गोडीने घ्या. रात्री रडत होती."

"तिने तुम्हाला वकील करून पाठवलंय का?"

"नाही हो. तिला माहीतही नाही मी आलोय ते. वहिनी, एक विचारू? तुम्ही हल्ली..." आणि तेही थांबले. या घरात सगळ्यांना अर्ध्यात थांबायचा रोग झालाय. वाक्य गिळतात आणि माझ्याकडे असं बघतात, जसं काही मी फुटायला आलेलं भांडं आहे. मला या बघण्याचा वीट आलाय.

मी ठरवलंय. मशीन मी एकटी बघणार, एकटी घेणार. त्यात सुई आपोआप ओवली जाते, दोरा आपोआप कापला जातो, काजंसुद्धा आपोआप होतात. मग कुणाच्या उपकाराची गरज नाही. धाकटीला सांगेन, तू आता वरचं घर सांभाळ.

माझ्या मुलाचा फोन आला होता. त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी एका बाईंचं नाव सुचवलंय. नाटकांचे कपडे शिवायच्या. मशीन काढून टाकणार आहेत.

गुरुवार, १७ एप्रिल

काय बाई आहे!

घर एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावर. दार उघडलं तसा मलमाचा उग्र वास आला. खोलीभर राजे, राण्या, शिपाई, सगळे खुंट्यांवर टांगलेले, घामाच्या डागांसकट. आणि मध्ये ही म्हातारी. कवळी काढून पेल्यात ठेवलेली. पेला टेबलावर, टेबलावर माझ्यासाठी काढलेलं पाणीसुद्धा, तशाच पेल्यात. मी तहान लागली असूनही पाण्याला हात लावला नाही. कुठला पेला कशाचा, कोण जाणे.

तिचे हात सारखे कापतात, म्हणून मशीन विकतेय. मशीन मात्र... काय सांगू. राजाच्या अंगरख्यावर त्या मशीनने वेलबुट्टी काढली होती, मी तिच्यावरून बोट फिरवलं तर एक गाठ लागेल तर शपथ. आवाज नाही, हादरा नाही. मी मनात म्हटलं, हेच.

"बस. चालवून बघ," ती म्हणाली. पहिल्या भेटीतच तू.

दोरा आधी एका खाचेतून घ्यायचा, मग कळ दाबायची, की सुई ओवली जाते. मी घेतला. कळ दाबली. नाही ओवला. पुन्हा केलं. पुन्हा नाही. "बिघडलंय तुमचं," मी म्हटलं.

ती उठली, माझ्यामागे आली, आणि कापऱ्या हाताने एका झटक्यात दोरा खाचेत घातला. मग माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. मलमाचा हात! माझ्या तोंडाला!

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मोतीबिंदूला."

मी तिचा हात झटकला. म्हटलं, माझे डोळे ठणठणीत आहेत, तुम्ही मशीनचं बोला. तिने डब्यातून दोन रिळं काढून माझ्यापुढे ठेवली. "यातलं निळं कुठलं?"

दोन्ही काळी होती. मी तसं सांगितलं. तिने रिळं डब्यात टाकली आणि डबा बंद केला.

"मशीन तुला देत नाही."

"का? मी पूर्ण किंमत मोजतेय."

"किमतीचं नाही गं. हे एकदा सुरू झालं की आपलं आपण पळतं. तुझं जुनं मशीन तुझ्या पायाने थांबतं. हे थांबेपर्यंत सुई बोटाच्या आरपार जाते. मला मशीन विकायचंय, तुझं बोट नकोय त्यात. आधी डोळे कर. मग ये."

मी तिला तोंडावर म्हणाले, "तुमच्या कवळीशेजारचं पाणी पिण्यापेक्षा मी हाताने बटाटे भरीन." तिला कळलं नाही मी काय म्हणाले ते. हसली. दात नसलेलं तोंड उघडून हसली.

शुक्रवार, १८ एप्रिल

दोन्ही काळीच होती.

सकाळी धाकटी यायच्या आधी मी आमचा रिळांचा डबा घेतला, दारात उन्हात बसले आणि त्यातून एक निळं आणि एक काळं वेगळं काढलं. तेवढ्यात भाजीवाली आली. सहज विचारावं तसं विचारलं, "अगं, यातला तुला कुठला रंग आवडतो, निळा की काळा?"

ती म्हणाली, "काकू, दोन्ही निळेच आहेत की."

मी भाजी न घेताच तिला घालवलं.

मग पांढऱ्यांचा कप्पा काढला. सगळी पांढरी. मला सगळी पांढरीच दिसली, जराशी मळकट, पण पांढरी. आता ते लिहिते जे सकाळपासून टाळतेय. गाण्याच्या बाईंच्या झग्याचं रीळ धाकटीने लावलंच नव्हतं. तो झगा मीच शिवला. तिने त्याला हातही लावला नव्हता, किनार मी घातली, दुपारी, ती बाजारात गेली होती तेव्हा. हे मला त्या दिवशीही माहीत असायला हवं होतं. तिने चूक स्वतःवर घेतली आणि मी मानलं. इतक्या लगेच मानलं!

आज स्वतःची जितकी शिसारी आली तितकी त्या मिस्त्रीच्या बोटाचीही आली नव्हती.

मंगळवार, २२ एप्रिल

बोलले शेवटी. तीन दिवस तोंडात घोळवत होते, बाहेर पडलं ते भलतंच. दुकानाचं दार आतून लावलं आणि म्हटलं, "माझ्या टिपा का उसवतेस?"

धाकटीने कात्री खाली ठेवली. "कळलं तुम्हाला?"

"बोटाला कळलं. डोळ्यांना नाही कळत मला काही, हे तुला ठाऊकच आहे. कधीपासून ठाऊक आहे?"

"वर्ष झालं असेल."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले, ताई. दोनदा. डोळे दाखवून या म्हटलं. तुम्ही म्हणालात, मला दुकानातून उठवायचा डाव आहे तुझा. दुसऱ्यांदा तर सुईचा डबा फेकलात. मग नाही बोलले. गिऱ्हाईकं टिकायला हवीत ना, म्हणून रोज तुम्ही वर गेल्यावर बसायचे."

मला ते डब्याचं आठवतं. मला वाटायचं माझ्या हातून सुटला.

वाटलं, आता ही रडेल, मी पाठीवर हात ठेवीन आणि मिटेल. पण ती रडली नाही. तोंड लाल करून म्हणाली, "आणि खरं ऐकायचंय का? मला बरं वाटायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही मला काजबटणांवर बसवलंत. मी शिकून आले होते, ताई. कोट शिवायचे मी माहेरी. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, हे तू शिव. तुमची टीप उसवताना मला बरं वाटायचं."

काय हे बोलणं! माझे डोळे जातायत आणि हिला बरं वाटतंय! मी तिला म्हटलं, तू किती विषारी आहेस. ती म्हणाली, "आहेच." आणि पुन्हा कात्री घेऊन कामाला लागली.

मी वर येऊन बसले. राग धरायला बघतेय, पण कुठे धरावा तेच कळत नाही.

कोट शिवायची म्हणे. मला कुणी सांगितलंच नाही. विचारायला हवं होतं का मी?

गुरुवार, २४ एप्रिल

डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. गेलो म्हणजे, ती न विचारता बरोबर आली. रांगेत शेजारच्या माणसाच्या डोळ्यातून पिवळं काहीतरी गळत होतं आणि तो ते बाहीला पुसत होता. बाकावर आधीच्या कुणाच्या केसांच्या तेलाचा गोल डाग. मी बसलेच नाही, उभी राहिले.

डॉक्टर म्हणजे पोरगी. मला म्हणाली, "आजी, हनुवटी इथे टेका." आजी! ज्या पट्टीवर सगळ्या गावाने हनुवट्या टेकल्या तिथे. मी रुमाल घातला मध्ये. ती म्हणाली, रुमाल काढा. काढला.

दोन्हीकडे आहे. उजवा पूर्ण पिकलाय. "इतके दिवस काम कसं करत होता?" तिने विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत धाकटी म्हणाली, "बोटांनी."

का कोण जाणे, ते ऐकून मला बरं वाटलं. बाहेर आल्यावर मात्र तिने मला सगळ्या लोकांसमोर हाताला धरून जिना उतरवला, आणि तेव्हा पुन्हा चीड आली.

शनिवार, ३ मे

उजवा डोळा झाला. पट्टी आहे. डाव्याने लिहितेय, म्हणजे अंधारात चाचपडतेय.

धाकटी वेळेवर औषध घालते. तिच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास येतो. पट्टी सरकवून डोळा उघडून धरते आणि थेंब सोडते, कडू पाणी नाकातून घशात उतरतं. मेलेलं तोंड झालंय माझं. तिचं काम नेटकं आहे, तरी मला कुणी असं हाताळलेलं आवडत नाही. काल म्हटलं, मी माझी घालीन. तीन थेंब गालावर, एक कानात. आज गुपचूप मान वर केली.

दुकानातून तिच्या मशीनचा आवाज येतो. सध्या गणवेशांचे शर्ट एकटी शिवतेय. खिसे नुसतेच लावून ठेवतेय, चिन्हाशिवाय. मोठ्या बाईंकडे तिने महिनाअखेरची मुदत मागून घेतली, मला न विचारता. मी असते तर आठवड्याचीच मागितली असती, आणि तोंडघशी पडले असते.

सोमवार, १२ मे

पट्टी जाऊन आठवडा झाला. आता नीट दिसतं. अरे देवा, काय काय दिसतं!

माझं घर. माझं! ओट्यामागच्या फरशीवर तेलाचा तपकिरी थर, बोटाने लिहिता येईल असा. कपांच्या कडांना डाग. मी ज्या कपातून लोकांना चहा देत होते, आणि त्या मिस्त्रीला नावं ठेवत होते. न्हाणीच्या कोपऱ्यात जे काळं आहे ते मी सावली समजत होते. काल दिवसभर घासत होते, सगळ्या घराला सोड्याचा वास लागला, तरी मन भरेना.

मग आरसा. ते लिहीत नाही.

आणि दुकानात एक पिशवी होती, न उसवलेल्या कपड्यांची. धाकटीला गडबडीत वेळ मिळाला नव्हता. त्यातली माझी टीप पाहिली. दारूड्याने रस्त्यावर चालावं तशी. काठापासून कधी इकडे, कधी तिकडे, मध्येच टाका गायब. हे मी लोकांना दिलं असतं. पैसे घेऊन दिलं असतं.

धाकटी शिवत होती. वर्षानुवर्षं समोर बसते, पण आज पाहिली. केस कानापासून वरपर्यंत पांढरे झालेत. डोळ्यांखाली काळं. तिला विचारलं, "केस कधी पिकले गं तुझे?" म्हणाली, "तुम्ही बघत नव्हता तेव्हा." मान वर न करता.

बुधवार, १४ मे

नाटकवाल्या बाईंना मी स्वतः फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते, एकही लागला नाही. मशीन विकलं गेलं. "डोळे केलेस?" विचारलं. एक केला म्हटलं. "शाबास," म्हणाली आणि फोन ठेवला.

मग धाकटीला विचारलं, "तुला कुठलं हवंय?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेन. तिने क्षणभरही विचार केला नाही. "मांजराचं."

गेलो. त्या बाईने दार उघडलं, मला ओळखलं आणि दार अर्धंच ठेवलं. बरोबरच होतं तिचं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी वाईट बोलले. मला धड दिसत नव्हतं." हे कारण काही पूर्ण खरं नाही. दिसत असतं तरी बोलले असते. पण तिने दार उघडलं.

मांजर मशीनच्या खोक्यात व्यायलं होतं. चार आंधळी पिल्लं, ओली, गुलाबी, एकमेकांवर वळवळतायत, आणि खोक्यात ते सगळं जे व्याल्यावर असतं. मी नाकाला पदर लावला. धाकटी मात्र गुडघ्यावर बसून बघत राहिली.

मशीन पांढरं होतं. दुधासारखं. मी ते मोठ्याने म्हटलं, तिला ऐकू जावं म्हणून. "मी म्हटलं नव्हतं का" असं ती म्हणेल याची वाट बघितली. ती म्हणाली, "खोकं राहू दे त्यांच्याकडे, चादरीत गुंडाळून नेऊ."

मशीनचे केस मी घरी आल्यावर चिमट्याने काढले. एकेक. धाकटी म्हणाली, इतकं नको. म्हटलं, इतकं मला करू दे.

शुक्रवार, ३० मे

मोठ्या बाई माल न्यायला आल्या. ढिगावरचा एक शर्ट उचलून खिसा उजेडात धरला. पुस्तकाची पानंसुद्धा दिसतात, पक्ष्याला चोच आहे. अजूनही बटाटाच, पण उडणारा.

"वा, बाई," मला म्हणाल्या. "या वयातही तुमच्या हाताला तोड नाही."

मी हो म्हणू शकले असते. जिभेवर आलंही होतं, इतकी वर्षं तेच म्हणत आलेय. म्हटलं, "माझा हात नाही तो. हिचा आहे. गेल्या वर्षीचे गणवेशसुद्धा हिचेच होते, मला दिसत नव्हतं. यापुढे कामाचं हिच्याशी बोला."

इतकंच बोलायचं होतं, पण काखेत घाम आला. बाई गोंधळल्या, धाकटीकडे वळल्या. धाकटी लाजली नाही की हरखली नाही. उलट चिडली. त्या गेल्यावर म्हणाली, "ताई, गिऱ्हाईकासमोर काय हे! आता पुढच्या वर्षी भावात घासाघीस करतील माझ्याशी." हिला काही केलं तरी पसंत पडायचं नाही.

संध्याकाळी मी चार उशांचे अभ्रे शिवले. जुन्या मशीनवर, एका डोळ्याने. दुसरा पुढच्या महिन्यात आहे. शिवून तिच्या टेबलावर ठेवले आणि वर जायला निघाले. मागून हाक आली.

"ताई, ही टीप वाकडी आहे."

मी वळले. तिने अभ्रा माझ्या दिशेने धरला होता. बोट टिपेवर ठेवून. डोळ्यांत डोळे घालून.

"एवढीशी तर आहे," मी म्हटलं. "अभ्राच आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय. उसवा."

काय तोरा! मनात तिला नको नको ते बोलले. मग खाली बसले, चष्मा लावला, पूर्ण कड उसवली, दोऱ्याचे तुकडे वेचले आणि पुन्हा टीप घातली. हळू. तिने अभ्रा घेतला, उजेडाकडे नेला, दोन्ही बाजूंनी बघितला, घडी केली आणि द्यायच्या कपड्यांवर ठेवला.

काही बोलली नाही. म्हणजे टीप बरी असावी.